लाळ-खुरकूत, सोमवारी दुपारी दोन वाजता

नारीन सोडल्यापासून दोनदा तिनं गाडी थांबवायला लावली.
दोन्ही वेळा बर्फात वाकून
सकाळचा चहा परत केला.
मी आरशात बघितलंच नाही असं दाखवलं.
पशुवैद्यक खात्याचा ड्रायव्हर मी, एकोणीस वर्षं झाली;
अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी
ही डॉक्टर ऐझिरेक
शंभर माणसांपुढे उभं राहायचं म्हणून पांढरीफटक.

मांडीवर बारा पानं.
पहिल्याच पानावर ‘सन्माननीय’ पाच वेळा.
ती पुटपुटत होती,
आणि खिंडीतलं प्रत्येक वळण
एकेक परिच्छेद गिळत होतं.

म्हटलं, बाई, लोकांना कोबीचे गड्डे समजा,
माझा काका लग्नात भाषणाला उभा राहिला की असंच करायचा.
ती म्हणाली, कोबीला खुरकूत होत नाही, तुर्दुबेक.
मग बराच वेळ वायपरच बोलत होता.

संस्कृती भवन म्हणजे सिनेमाचा जुना हॉल.
शेगडीचा धूर, ओल्या लोकरीचा वास,
टोप्या न काढता बसलेली माणसं,
आणि वर मंचावर एकटं टेबल,
त्यावर पाण्याचा जग,
जणू कुणाचा तरी खटला चालायचाय.

दारातच एका बाईनं तिची बाही धरली.
कोटाच्या आत कोकरू, नुसते कान बाहेर.
‘गाईच्या तोंडाला फोड आलेत.
धाकटा काल तेच दूध प्यायलाय.
काही होईल का त्याला?’

ऐझिरेक तिथंच उकिडवी बसली, बुटांच्या चिखलात.
कोकराचा ओठ उलटून पाहिला, जीभ, मग खूर.
‘हे चांगलंय. पोर केवढं? ताप?
दूध उकळून दे, चांगली उकळी फुटू दे.
गाय वेगळी बांध. तिच्याकडे जायचे बूटसुद्धा वेगळे.’
हात थरथरत नव्हते.
आपल्याला हात आहेत
हेच तिच्या ध्यानात नव्हतं.

मग नाव पुकारलं.
मंचाला चार पायऱ्या. तिसरीवर ती थांबली,
मला वाटलं, आता पुन्हा चहा.
माईक करकरला. पानं उघडली.
‘सन्माननीय...’
आणि पुढे काही नाही.
शेगडीत कोळसा तडकला तो सगळ्यांनी ऐकला.

ती रांगांमधून काहीतरी शोधत होती.
पाचवी रांग. कोट. कान.

‘या ताईंनी मला आत्ता दारात विचारलं,’ ती म्हणाली,
‘आणि वाटलं, तुमच्यातल्या पुष्कळांना
हेच विचारायचं असेल.’
मागून एक म्हातारा ओरडला, ऐकू येत नाही!
तिनं माईक टेबलावर ठेवला,
चारही पायऱ्या उतरून त्याच्या रांगेपाशी गेली
आणि म्हणाली, आता?
आता येतं, तो म्हणाला, बोल, पोरी.

‘लाळ कुणाकुणाच्या जनावराची गळतेय?’
हात वर यायला वेळ लागला.
कबूल करायचं म्हणजे रविवारचा बाजार बंद,
हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.
पहिला हात त्या बाईचा.
मग तीन. मग मी मोजायचं सोडलं.

परतीच्या वाटेवर, खिंडीच्या माथ्याला,
तिनं पुन्हा गाडी थांबवायला लावली.
म्हटलं, आता काय उरलंय पोटात?
काही नाही, म्हणाली, पाय लटपटतायत, जरा चालते.
तिच्या खिशात कुणीतरी कुरुत भरून ठेवलं होतं,
सुक्या दह्याचे गोळे, दगडासारखे.
एक मला दिला.

काच धुरकटली तेव्हा विचारलं,
या बारातलं एखादं पान घेऊ का पुसायला?
पहिलं घे, ती म्हणाली.
सन्माननीयांनी काच झकास पुसली.

शुक्रवारी पलीकडचं गाव आहे.
वाटेत दोनदा थांबावं लागेल, ती म्हणाली,
तेवढं धरून लवकर निघू.